घरजावई आणि आमरी

जंगलातून रस्ता जाणार म्हणून जुनी झाडं पाडायचं काम घरजावयाला मिळालं. करवत चालवता चालवता तो फांद्यांवर बसून वाढणाऱ्या आमऱ्या, म्हणजे रानातली ऑर्किडं, हळूच सोडवून घ्यायचा. जंगल विरळ झालं की उरलेल्या झाडांवर ऊन पडतं, ओल जाते, आमऱ्या वाळतात आणि एखादा चिवट नेचा तेवढा तग धरतो, हे त्याने पाहिलं होतं. म्हणून सोडवलेल्या आमऱ्या त्याने परसातल्या फणसाला सुतळीने बांधल्या. फणस मात्र सासूबाईंचा, आणि घरही त्यांचंच.

"एक बांडगूळ घरात पोसतेय, ते पुरे नाही का?" सासूबाई कडाडल्या. "आजच्या आज हे उतरव, नाहीतर तूही बिऱ्हाड उचल!"

बायकोने कसंबसं हसू दाबलं.

"आई, बांडगूळ झाडाचा रस पितं. ही नुसती बसते, पाऊसवाऱ्यावर जगते. मूळ सालीच्या आत गेलंय का, बघा तरी," घरजावई म्हणाला.

सासूबाईंनी चष्मा चढवून मूळ नखाने उचललं. ते खरंच वरच्यावर होतं. पण इतक्यात माघार घेतील तर त्या सासूबाई कसल्या!

"ही वाऱ्यावर जगते. तू तर दोन्ही वेळा ताट चाटूनपुसून जेवतोस!"

"तुमच्या हाताला चवच तशी आहे, आई."

"पुरे लाडीगोडी. इथे ऊन लागेल तिला, पाल्याखाली बांध. आणि पहिलं फूल देवाला."

दाराशी जाऊन त्या जावयाकडे वळल्या. "चल जेवायला, आमरे!"