अप्पांचं नाक

गिअरअप्पांच्या गॅरेजात अत्तर लावून आलेल्या माणसाला आत येता यायचं नाही. तशी पाटी काही नव्हती. पण एकदा लग्नाला निघालेले एक गृहस्थ वाटेत गाडी दाखवायला थांबले, तेव्हा अप्पांनी हात जोडून त्यांना रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभं केलेलं मी स्वतः पाहिलंय. "साहेब, राग मानू नका. तुमच्या अत्तरात माझं ऑइल हरवून राहिलंय." ते गृहस्थ बिचारे जरीच्या फेट्यासकट अर्धा तास लिंबाखाली उभे होते.

अप्पा मूळचे उदगीरकडचे लिंगायत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि अंगात निळा मळका शर्ट. इतका शिवभक्त माणूस, पण गॅरेजात उदबत्ती लावायची नाही म्हणजे नाही. "शिवाची पूजा घरी करून येतो की. हितं वास नको." तंबाखू नाही, गुटखा नाही, साधी सुपारीसुद्धा नाही. नांदेडच्या लातूर फाट्यावर तोंडात काही न धरता बोलणारे मेकॅनिक बहुधा तेवढेच असावेत. हा सगळा संयम देवासाठी नसून नाकासाठी होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ते काम करायचे फक्त ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सचं. या गाड्यांना पायाने दाबायचा क्लच नसतो, आणि त्यांच्या गिअरबॉक्समध्ये वेगळं, पातळ, लाल ऑइल असतं. ते ठरावीक वर्षांनी बदलावं लागतं. कुणी ऑइल बदलायला गाडी आणली, की अप्पा इंजिन चालू ठेवून ऑइलची पातळी बघायची दांडी ओढायचे, तिच्या टोकाचा थेंब अंगठ्यावर आणि बोटावर घेऊन चोळायचे, डोळे मिटायचे आणि वास घ्यायचे. एकदाच. मग निकाल. रंग बघून काही ठरवलेलं त्यांना आवडायचं नाही. "रंग तर माणसाचाबी उतरतोय माय. वास बघायचा."

निकाल दोनच असायचे. वास साधा असेल तर ऑइल बदलायचं. जळका असेल तर हात लावायचा नाही, गाडी परत. गिऱ्हाईक भांडायचं, की अहो, खराब झालंय म्हणूनच तर बदलायचंय! अप्पा शांतपणे सांगायचे, "आतल्या प्लेटा झिजल्यात. त्यांचाच भुगा त्या जुन्या ऑइलात हाय, आन त्या भुग्यावरच त्या एकमेकीला धरून हायत. नवं घातलं की सुटत्यात. हळू चालवा, आजून चार वर्सं जाईल." असं सांगून त्यांनी किती गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या दारात पाठवली असतील कोण जाणे.

आमच्या घराचा त्यांच्याशी संबंध आला तो बाबांमुळे. बाबा रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाले आणि वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, डावा पाय लुळाच राहिला. क्लच दाबणं कायमचं संपलं. तेव्हा मी एक जुनी, पांढरी, क्लच नसलेली सेडान घेतली, आणि बाबा पुन्हा माणसात आले. घरात उठायला आधार, जिना उतरायला आधार, पण एकदा का स्टीअरिंगमागे बसले, की कुणाचा हात लागायचा नाही. दर रविवारी ते एकटे लोह्याला आपल्या थोरल्या बहिणीकडे जायचे. मी सोबत येते म्हटलं की चिडायचे. "मग गाडी कशाला घेतलीस? खांद्यावर बसवून नेलं असतंस."

गुरुवारी मात्र त्यांची गाडी अप्पांच्या गॅरेजासमोर लागायची. काम काही नसायचं. अप्पा गाडीखाली पाठीवर झोपलेले, बाबा बाहेर लोखंडी खुर्चीवर, आणि गप्पा चालू. अप्पांचे फक्त पाय दिसायचे. बाबा पायांशी बोलायचे. पावसापासून निवडणुकीपर्यंत सगळं व्हायचं. बाबांना रेल्वेत चाळीस वर्षांत जितके मित्र मिळाले नाहीत, तितका हा एक पुरला. एकमेकांना ते शेवटपर्यंत "साहेब" आणि "अप्पा" म्हणत राहिले.

आमच्या गाडीचं ऑइल अप्पा तीन दिवस बदलायचे. खालचा बोल्ट काढला तरी सगळं ऑइल एकदम निघत नाही, निम्मं आतच राहतं. म्हणून जेवढं निघालं तेवढं मापून नवं घालायचं, दुसऱ्या दिवशी फिरवून आणायची, परत काढायचं, परत घालायचं. "तुरीची डाळ एका पाण्यात धुतीस का तू?" मी विचारलं की मला हे ऐकून घ्यावं लागायचं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, याचं त्यांना फार कौतुक होतं. कुणी आलं की ओळख करून द्यायचे, "ही आमच्या साहेबांची लेक. दिवसभर वासातच असती."

मग कोरोनाची दुसरी लाट आली. अप्पांना दवाखान्यात ठेवावं लागलं, पण ते परत आले. वाळले होते, तरी गॅरेज उघडलं. गाड्या येत होत्या, दांडी ओढली जात होती, डोळे मिटत होते. मी एकदा गेले तेव्हा भिंतीवरच्या फोटोपुढे चक्क उदबत्ती जळत होती. मी म्हटलं, "अप्पा, हे काय नवीन?" ते म्हणाले, "राहू दे माय, म्हातारपणी देवाची भीती वाढती." मी हसले आणि विसरून गेले. दिवसभर वासात असणारी मी!

त्या वर्षी आमच्या गाडीचं ऑइल बदलायची वेळ आली. बाबा काठीवर रेलून बॉनेटजवळ उभे होते. अप्पांनी थेंब चोळला, वास घेतला. परत घेतला. तिसऱ्यांदा घेतला. मग बोट माझ्यासमोर धरलं. "बघ माय. तुला काय वाटतंय?"

आजवर त्यांनी हा मान कुणाला दिला नव्हता. मी फुशारून पुढे झाले. वास घेतला. ऑइलच्या वासाखाली आणखी एक वास होता, अगदी बारीक. तो मला आला. आला नाही, असं मी कधीच म्हणू शकणार नाही. पण मला वाटलं, ही आपली परीक्षा चाललीय. उत्तर अप्पांना माहीतच आहे, आपण जळकं म्हणालो आणि चुकलो तर चारचौघांत हसतील. शिवाय बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. जळकं म्हटलं तर लोह्याच्या फेऱ्या गेल्या, हळू चालवायचं, चार वर्षं मोजत बसायचं. मी म्हटलं, "काही नाही अप्पा, साधाच आहे."

"साधाच ना?"

"हो."

"मग बदलू." आणि त्यांनी तीन दिवस, तीन पाण्यांत, पूर्वीच्याच निगुतीने ऑइल बदललं.

तिसऱ्या रविवारी बाबा लोह्याहून परतत होते. शहरातल्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडीने ओढ सोडली. इंजिन ओरडत होतं, चाकं फिरत नव्हती, आणि गाडी हळूहळू मागे येऊ लागली. त्यांनी ब्रेक दाबून धरला. मागे हॉर्नचा कल्लोळ. खाली उतरून बाजूला व्हावं तर पायाची साथ नाही. कुणीतरी खिडकीतून शिवी दिली. शेवटी चार ऑटोवाल्यांनी ढकलत गाडी पुलाखाली आणली. मी पोचले तेव्हा बाबा तसेच आत बसलेले होते, दोन्ही हात स्टीअरिंगवर. माझ्याकडे बघून म्हणाले, "मला उतरव." इतक्या वर्षांत त्यांनी गाडीतून उतरायला पहिल्यांदा हात मागितला.

अप्पा निरोप मिळताच घरी आले. ओढून आणलेली गाडी अंगणात कशीबशी दहा फूट पुढे घेतली, दहा फूट मागे. बंद केली. दांडी ओढून थेंब बोटावर घेतला, चोळला, पण नाकाला लावला नाही. पायरीवर बाबांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "साहेब, मला वास येत न्हाई. दवाखान्यातून आलो तवापासून न्हाई. घरचीला सुदिक सांगितलं न्हाई. हे सोडून मला दुसरं येतंय काय?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. खरोखर विचारत होते. "माय, त्या दिशी तुला जळकं लागलं व्हतं का?"

हो म्हटलं तर बाबांचा रस्ता मीच हिसकावला, हे त्यांच्यासमोर कबूल करावं लागणार होतं. मी म्हटलं, "नाही अप्पा."

"न्हाई?"

"नाही."

ते आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "मग माझंच चुकलं म्हणायचं. वास साधा आसतानाबी प्लेटा सुटल्या. शिवा, शिवा! इतकी वर्सं लोकांला काय सांगत आलो मी?"

नाक गेलं होतं, ते त्यांनी सोसलं होतं. पण नाकाने जे शिकवलं ते तरी खरं होतं, एवढा आधार त्यांना उरला होता. तो मी एका शब्दाने काढून घेतला. हे त्या क्षणी मला कळत होतं, आणि तरीही मी गप्प बसले. महिन्याभरात त्यांनी गॅरेजचं सामान वाटून टाकलं आणि उदगीरला लेकीकडे निघून गेले. निघताना आमच्याकडे आले नाहीत.

बाबाही त्यांच्याकडे गेले नाहीत, फोन केला नाही. मी एकदोनदा विषय काढला तर म्हणाले, "आपण फोन केला तर त्यांना वाटेल जाब विचारतोय. राहू दे. वय झालं त्यांचं, होतं असं." गाडी अंगणात कव्हरखाली उभी राहिली. दुसरी घेऊ म्हटलं तर नको म्हणाले. लोह्याची आत्याच मग कधीमधी बसने यायची. गुरुवारी बाबा सकाळीच दाढी करायचे आणि पेपर वाचत बसायचे.

दोन वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी उदगीरला गेले, आणि पत्ता विचारत अप्पांच्या लेकीच्या घरी पोचले. अप्पा ओसरीवर बसलेले होते. हात इतके स्वच्छ, की ओळखू येईनात. मी बसले, आणि पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं. जळका वास आला होता. दोन्ही वेळा मी खोटं बोलले.

अप्पांनी विचारलं, "कसला व्हता?"

"बुडाला लागलेल्या दुधासारखा. अगदी थोडा."

त्यांनी डोळे मिटले. "हाव. त्योच. सुरवातीला दुधावानीच आसतोय." चेहरा एकदम सैल झाला. "म्हंजे बरोबर व्हतं तर." मग म्हणाले, "दोन वर्सं लावलीस माय." त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी रडले. त्यांनी लेकीला चहा टाकायला सांगितला. निघताना म्हणाले, "साहेबालाबी सांग. त्यांला वाटत आसंल, अप्पानं घात केला."

मी हो म्हटलं. आणि आजचं उद्यावर ढकलत राहिले. मुलांना रोज प्रयोगात जे दिसलं तेच लिहा म्हणून दटावणारी मी, बाबांसमोर तोंड उघडायला मला चार महिने पुरले नाहीत. एका सकाळी अप्पांच्या लेकीचा फोन आला. अप्पा पहाटे गेले होते.

त्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते तेव्हा त्यांचा हात पलंगाच्या कडेवर होता, तो तिथेच आवळला गेला. म्हणाले, "गाडी बोलव. उदगीरला जायचंय."

तीन तासांच्या प्रवासात ते मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले होते. आम्ही पोचलो तेव्हा अप्पांना त्यांच्या रीतीप्रमाणे ओसरीत भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर भस्म, गळ्यात हार, मांडी घातलेली. समोर भजन चालू होतं. बाबांनी माझा हात बाजूला केला. काठी टेकत, माणसांमधून वाट काढत ते एकटे पुढे गेले, कसेबसे वाकले आणि अप्पांच्या कानाशी तोंड नेलं. बाबांचा आवाज आधीपासूनच मोठा. भजन थांबलं, आणि सगळ्यांनी ऐकलं.

"अप्पा, गाडी तुमच्या चुकीनं बिघडली नव्हती. मला आज कळलं. मी यायला पाहिजे होतं हो, अप्पा. नुसतंच यायला पाहिजे होतं."

कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. समाधीला नेईपर्यंत बाबा अप्पांच्या समोर बसून होते, आणि मी दारात उभी होते.