हलगीवाल्याचं नाव

"काकू, तिकडे कुठे निघालात? ती वाजवणारी माणसं आहेत. त्यांचं जेवण मागे किचनमध्ये दिलंय. तुम्ही आपल्यात बसा."

दिवाळीचा कार्यक्रम. डब्लिनमधल्या ब्युमॉन्टचा एक हॉल, साल २०११. बोलणारी बाई तिथल्या मराठी मंडळातली, पुण्याची, माझ्या सुनेच्या वयाची. शेजारची म्हणाली, "काकू सालसा शिकतायत वाटतं." सगळ्या हसल्या. मीही हसले. नातवंडांनो, त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

किचनमध्ये एफ्राइन आणि लुसिया हे कोलंबियाचं जोडपं सिंकपाशी उभ्याने कागदी प्लेटमध्ये पुरीभाजी खात होतं. त्यांना कार्यक्रमाला मीच बोलावलं होतं. लुसिया जवळच्या सँट्री भागातली ऑफिसं साफ करायची. त्या वर्षी मी तुमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा तिथल्या लायब्ररीत मी इंग्रजीचा वर्ग घ्यायचे, त्याला ती नवऱ्याला घेऊन यायची. एफ्राइन अकॉर्डियन वाजवायचा आणि गाणी करायचा.

गाणी कशी होतात, ते मी त्या वर्गात पाहिलं. त्यांच्या भागात पूर्वी अकॉर्डियनवाले गावोगाव बातम्या गाऊन सांगत. म्हणून तो आधी चाल शोधत नसे, माणूस शोधत असे. कोण, कुठल्या गावचा, त्याचं काय झालं. लुसिया एकेक ओळ परत म्हणायची. तिची जीभ अडखळली की ती ओळ तो टाकून द्यायचा. आणि गाणं चालू असताना मध्येच, ज्याची गोष्ट त्याला नावाने हाक. ही त्यांची रीत. "नाव नसेल तर ती नुसती चाल," तो म्हणायचा.

एकदा त्याचा चामड्याचा छोटा ढोल दमट हवेने सैल पडला. मी तो उचलला, रेडिएटरजवळ धरून फिरवत शेकला, बोटाने टिचकी मारली. आवाज खणखणीत. लुसिया बघतच राहिली.

"टीचर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आमच्या गावात एक हलगीवाला होता."

त्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. वरातीपुढे दिवसभर वाजवायचा. पंगती उठल्या की त्याला गोठ्यामागे बसवत. हात लागू नये म्हणून वरून वाढत. एकदा त्याच्यासोबत त्याची सात वर्षांची मुलगी होती. ती मांडवाकडे बघत होती. तो तिला म्हणाला, "खाली बघून जेव. वर बघितलं की घास उतरत नाही."

एफ्राइनने गाणं केलं. मग विचारलं, "त्याचं नाव?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

तो माझा बाप होता. ती मुलगी मी.

हलगी वाजवून त्याने मला शिकवलं. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, शहरात शिक्षिका झाले. लग्न ठरलं तेव्हा तुमच्या आजोबांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्या नातेवाइकांना मात्र मी "वडील शेती करतात" असं सांगितलं. लग्नाला येताना हलगी आणू नका, असा निरोपही मीच धाडला. बाप धुतलेल्या कपड्यांत, अगदी शेवटच्या खुर्चीवर बसला. बँड वाजत होता आणि त्याची बोटं मांडीवर चालत होती. मी पाहिलं. तोंड फिरवलं. दोन वर्षांनी तो गेला.

गोठ्यामागे त्याला गावाने बसवलं. शेवटच्या खुर्चीवर मी.

त्या दिवाळीत हॉलच्या किचनच्या दारात मी उभी. लुसियाने सरकून मला जागा केली. "ग्रँड, टीचर, ठीक आहे. आम्हाला सवय आहे."

मी ताट घेऊन आत गेले. एफ्राइनला म्हणाले, "नाव मारुती. माझे वडील."

जेवणानंतर त्याने ते गाणं म्हटलं. स्पॅनिश कोणाला कळत नव्हतं, पाय ताल धरत होते. मध्येच त्याने हाक मारली, "मारुती!" लोकांना वाटलं, पाहुण्याने देवाचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या.

मी उठून माईक घेतला. "हे देवाचं नाव नाही. माझ्या बापाचं आहे. तो हलगी वाजवायचा. आम्ही मांग. आज ही दोघं सिंकपाशी जेवली, तसा तो गोठ्यामागे जेवायचा."

टाळ्या थांबल्या. मग सूत्रसंचालकाने लकी ड्रॉ जाहीर केला.

तुमच्या बाबाने आम्हाला घरी आणलं. गाडी लावून म्हणाला, "आई, तू परत जाशील. आम्हाला इथे राहायचंय." त्याचं चुकत नव्हतं. त्यानंतर तुमच्या घरी आमंत्रणं कमी झाली. मला ठाऊक आहे.

आता त्याने मला पुन्हा तिकडे यायचं तिकीट पाठवलंय. सोबत एक ओळ आहे. "मुलांसमोर तो विषय काढू नकोस."

तुम्हाला पाहून दोन वर्षं होत आली. फोनवर तुम्ही इंग्रजीत बोलता, ते तुटक आवाजात मला निम्मंच ऐकू येतं, तरी मी फोन ठेवत नाही. तिकीट मी परत केलंय. बापाला शेतकरी म्हणायचं मी सुरू केलं, ते मीच बंद करणार. ज्या घरात मारुती मांगाचं नाव घ्यायचं नाही, त्या घरात मी पाय ठेवणार नाही. ते घर तुमचं असलं तरी.