मातामायची भिंत

परवा कुंडीतली माती भिजवली आणि त्या वासासरशी सानगडीकडच्या माझ्या सासरची गावदेवी मातामाय आठवली. मी लग्न होऊन गेले तेव्हा तिचं देऊळ मातीचं होतं, वर कवेलूंचं छप्पर, आत सागाचे खांब. उन्हाळ्यात गावची बोडी, म्हणजे लहानसं तळं, आटली की घरोघरच्या बाया तिच्या तळाची चिकट माती आणायच्या, त्यात धानाचं तणीस तुडवायच्या आणि देवळाच्या भिंती पोतारायच्या. नव्या सुनेला तर आधी तिथेच लिंपणाला हात लावायला नेत. ऐंशीच्या सुमारास गावातल्या पुरुषांनी ते देऊळ पाडून सिमेंटचं बांधलं. आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही बाया माती घेऊन गेलोच. सकाळभर लिंपलं आणि दुपारच्या उन्हात त्या गुळगुळीत भिंतीवरून सगळं पापुद्रे सुटून पायाशी पडलं. मी चिडून पुन्हा थापलं, तर तेही पडलं. तेवढ्यात सरपंच आले आणि हसत सासूबाईंना म्हणाले, "काहून पोतारून राहिल्या काकी? आता मायले मातीची गरज नाई." सासूबाईंनी मातीचे हात तसेच धरून विचारलं, "मंग भाऊ, आमी तिच्यासाठी काय करावं?" "घंटा लावली न नवी, ते वाजवा अन् घरी जा." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मागच्या वर्षी माझ्या सुनेला तिथे दर्शनाला नेलं. आता भिंतींना टाइल्स आहेत. तिनं विचारलं, "आई, इथे मी काय करायचं असतं?" मी घंटेकडे बोट दाखवलं.