नमुन्याचा डबा

आम्ही समुद्र बघायला निघालो, ते दुष्काळ पडला म्हणून.

मी नांदूरघाटजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीचा सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेणाऱ्या माणसाला कसली आली सुट्टी? (म्हशी दिवाळीलाही दूध देतात!) पण त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही, जनावरं चारा छावणीला गेली आणि सोसायटीत इतकं थोडं दूध यायला लागलं की चेअरमन तोंडावर म्हणाले, "सेक्रेटरी, एवढं तर आमी बी मोजू. तुमी या कुठंतरी जाऊन."

हे मी घरी सांगितलं, तेव्हा माझी बायको सुमन टँकरच्या रांगेत घागरी लावायला निघाली होती. घागर खाली ठेवून ती म्हणाली, "मंग समुद्राला जाऊ."

"तिथं काय हाय?"

"पाणी!"

तिला लग्नाच्या आधीपासून समुद्र बघायचा होता. आणि मला, समुद्र बघताना तिचं तोंड कसं दिसतं, ते बघायचं होतं. हे तिला मी कधी सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

अडचण एकच होती. सुमनला शुगर. जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यावी लागायची आणि इन्सुलिन थंड ठेवावं लागायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात एसटीत माणूस शिजून निघतो, तिथे इन्सुलिनचं काय!

"तू कावून काळजी करती?" मी छाती फुगवून म्हणालो. "वस्तू थंड ठेवणं हा तर माझा धंदाच हाय!"

धंदा असा की, सोसायटीत दूध घालणाऱ्या प्रत्येकाचं थोडं थोडं दूध छोट्या बाटलीत भरायचं. त्याला म्हणायचं नमुना. हे सगळे नमुने बर्फाच्या निळ्या डब्यात घालून पहाटेच्या टेम्पोने शीतकरण केंद्रात पाठवायचे आणि तिथे फॅट तपासायचं. असा एक निळा डबा जास्तीचा होता. त्यात मी इन्सुलिनच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून (बर्फाला चिकटून गोठायला नकोत!) ठेवल्या. सुया ठेवल्या. डॉक्टरची चिठ्ठीही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यातच ठेवली. सगळं एका जागी! झाकणावर खडूने 'सुमन' असं लिहिलं. बर्फाच्या डब्याला घाम येतो आणि घामाने खडू पुसला जातो, हे बावीस वर्षं बर्फात हात घालणाऱ्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

पहाटे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, एसटीची वेळ झाली होती आणि सुमन "आवं, चला की!" म्हणून ओरडत होती. मी एक डबा टेम्पोत चढवला, दुसरा मांडीवर घेतला आणि आम्ही निघालो. वाटेत सुमन सारखी विचारत होती, "त्याची लाट लई उंच असती का हो? माणसाला आत वढून न्हेती का?" मीही समुद्रकिनारी जन्मल्यासारखी उत्तरं देत होतो.

दुपारी नगरच्या स्टँडवर तिने भाकरीचं फडकं सोडलं आणि सुईसाठी डबा उघडला.

आत दुधाच्या वीस बाटल्या! नंबर घालून, बुचं लावून, ओळीने.

सुमनने एकदा डब्यात बघितलं, एकदा माझ्याकडे. "डबाभर नमुने कावून आणले? माझ्यासंगं एक नमुना होता की!"

शेजारच्या बाकड्यावरचा पाहुणा कळवळून म्हणाला, "ताई, उन्हानं नासायच्या आत पिऊन तरी टाका!"

मी फोनच्या बूथकडे पळालो. शीतकरण केंद्रात फॅट तपासणारे पठाणसाहेब होते, त्यांनीच फोन उचलला.

"सेक्रेटरीसाब, तुमच्या सोसायटीचं दूध यंदा लईच पातळ झालं की! निस्तं पाणीच!"

"पठाणसाहेब, ते दूध न्हाई..."

"मला काय कळत न्हाई का? माझ्या अम्मीला बी हीच बाटली लागती. मी पाह्यलं अन् म्हनलं, दुधात घालायला ह्यांच्या गावात पाणी हाय कुठं? भाभीची दवा फ्रीजमधी ठिवलीय. पण भाभी आता काय टोचून घेनार?"

खरा प्रश्न तोच होता. औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "कुठलं इन्सुलिन? चिठ्ठी?"

"चिठ्ठी डब्यात हाय."

"डबा?"

"फॅट तपासायला गेलाय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की, मला वाटलं, आता हा मलाच कुठलंतरी औषध देतो. तिथून सरकारी दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी सुमनची शुगर तपासली, त्या वेळेपुरती सुई दिली आणि म्हणाल्या, "कोणतं औषध, किती घ्यायचं, हे कागदावर बघितल्याशिवाय मी चार दिवसांचं देणार नाही. आज घरी जा."

मी म्हणालो, "मॅडम, समुद्र..."

"तो कुठे जातोय?"

पठाणसाहेबांना तसा फोन करून संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. दूध नासलं होतं, डबा वास मारत होता आणि कंडक्टरने आम्हाला सगळ्यात मागच्या बाकावर बसवलं. मी वाट बघत होतो की, आता सुमन शिव्या देईल. तिने दिल्या नाहीत. खिडकीबाहेर कोरडा ओढा गेला तेव्हा एवढंच म्हणाली, "निम्म्यात तर गेलतो की आपण." तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

केजच्या स्टँडवर पठाणसाहेब आमचा डबा घेऊन स्वतः उभे होते. "घ्या भाभी. फॅट न्हाई काढलं!" सुमन दिवसभरात पहिल्यांदा हसली. मी तिथेच शपथ घेतली, पुढल्या वर्षी नक्की!

पुढल्या वर्षी पाऊस झाला. जनावरं परत आली, दूध वाढलं आणि माझी सुट्टी संपली ती संपलीच. शेवटी सुमन बचत गटाच्या बायकांबरोबर गेली. औषध तिने स्वतः भरलं, दोन पिशव्यांत निम्मं निम्मं, आणि चिठ्ठी कमरेच्या पिशवीत. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "तुमी फकस्त लांब थांबा."

ती गेली आणि घर खायला उठलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीत दूध घेण्याची ऐन घाई चाललेली, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या मोबाईलवरून सुमन बोलत होती.

"आवं, कायबी बोलू नका. निस्तं ऐका."

मी ऐकलं. नुसती खरखर! मधे थांबायची, पुन्हा मोठी व्हायची. इकडे कॅन आपटत होते, रांगेतली माणसं ओरडत होती.

"सुमन, काय ऐकू येईना! लाईनीत लई खरखर हाय!" असं ओरडून मी फोन ठेवून दिला.

ती गुडघाभर पाण्यात उभी राहून हात लांब करून मोबाईल धरून होती, हे ती परत आल्यावर कळलं. पण सेक्रेटरी मोठा तत्पर माणूस! त्याने त्याच दिवशी सोसायटीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, टेलिफोन ऑफिसला समुद्राची लेखी तक्रार करून टाकली होती.