याकोपोच्या घरातला स्पीकर

पिसिलाने एकदा डूख धरला की ती सोडत नसे, हे सवाई बेटावरच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होते. तरीही गायनमंडळाचा प्रमुख याकोपो चर्चमध्ये चारचौघांदेखत तिला म्हणाला, "पिसिला, तुझा आवाज फाटला गं. तुझ्या जागी आता हा स्पीकरच बरा." नवरा गेला, लेक ऑकलंडला, त्या पहिल्या बाकावरच्या जागेशिवाय तिला दुसरे होते तरी काय? ते बोलणे तिच्या जिव्हारी लागले.

तालमीची गाणी पूर्वी तीच आपल्या फोनवरून त्या स्पीकरवर लावायची. आता स्पीकर शेजारी याकोपोच्या घरात सदा चालू असे, आणि ब्लूटूथला कुंपण अडवत नाही. तिच्या फोनची जोडणी काढून टाकायचे त्या शहाण्याला सुचलेच नव्हते.

संध्याकाळी शंख वाजला. प्रार्थनेची 'सा' सुरू झाली की गावात कोणी रस्त्यावर येत नाही, आवाज करत नाही. केलाच तर मताई, म्हणजे गावचे कारभारी, दंड ठोकतात. पिसिला चटईवर बसली, डोळे मिटले आणि मांडीआडच्या फोनवर बोट दाबले. याकोपोच्या बिनभिंतीच्या घरातून नाचाचे गाणे गावभर दणाणले. बायबल टाकून तो स्पीकरकडे धावला. तिच्या काळजाला थंडावा मिळाला.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. दुपारी सगळा बेत तिलाच तर सांगितला होता. घाबरून पिसिलाने लाल सोडून हिरवे दाबले, आणि लेक थेट याकोपोच्या घरातून बोलू लागली, "आई, वाजवलंस का गं? नाचला का तो याकोप्या?"

प्रार्थना सोडून गाव खिदळले.

दुसऱ्या दिवशी मताईंनी दंडात तिची एकुलती एक डुकरीण मागितली. मग त्यांच्यातले थोरले जरा नरमले. "पोरी, याकोपोची माफी माग. डुकरीण राहू दे तुझ्याकडे. रविवारी आपल्या जागेवर गायला बस, मी सांगितलंय त्याला."

ती जागा पिसिलाला जिवापलीकडे हवी होती. तिने याकोपोकडे पाहिले. तो मान खाली घालून बसला होता आणि ओठांच्या कोपऱ्यात हसत होता.

"डुकरीण माडाला बांधलीय," ती म्हणाली. "सोडून न्या."