रेडियमचं घड्याळ

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वाकडंतिकडं. चौथीनंतर लिहायची सवयच राहिली नाही. कुणाच्या हाती ही वही लागलीच, तर सांभाळून घ्यावं.

साठ सालच्या आसपास आम्ही जयपूरला दुर्गापुऱ्यात राहत होतो. आमचे हे युरेनियम शोधणाऱ्या सरकारी तुकडीत होते, नोकरी कच्ची. जुन्या नद्यांची वाळू थरावर थर बसून दगड होते आणि त्यात ते दडलेलं असतं, असं हे सांगत. किरणं मोजायच्या यंत्राची नळी दगडाशी धरायची. टकटक जितकी जास्त तितका माल जास्त. त्या हिवाळ्यात एका टेकडीवर यंत्र फार वाजलं. यांनी तसं लिहून कळवलं, आगाऊ पैसे उचलले, मजूर लावून खड्डे खणले. सोमवारी मोठे साहेब टेकडी बघणार होते. ती खरी ठरली तर नोकरी पक्की होणार होती.

रविवारी यंत्र घरी होतं. यांनी टेकडीवरून आणलेल्या दगडाशी नळी धरली, टकटक सुरू झाली. मग नळी माझ्या हातात दिली, तर यंत्र मंदावलं.

"घाबरतेस कशाला? नीट धर," हे हसून म्हणाले आणि घड्याळ फळीवर काढून आंघोळीला गेले.

मला वाटलं, आपलंच चुकतंय. पुन्हा धरली, तसंच. नळी फळीवर ठेवायला गेले आणि घड्याळाजवळ जाताच यंत्र कडकडायला लागलं. दिवाळीला माझ्या वडिलांनी जावयाला दिलेलं, रेडियममुळे अंधारात काटे चमकणारं घड्याळ. नळी धरायच्या हातातच हे ते बांधत.

पोळ्या लाटताना तेच डोक्यात घोळत होतं. सांगावं तर नोकरी जाईल, न सांगावं तर उद्या साहेबांपुढे शोभा होईल. आणि यांची चूक काढणारी मी कोण? वाढून झाल्यावर मान खाली घालूनच म्हटलं, "अहो, घड्याळ दूर ठेवून एकदा बघता का?"

यांनी बघितलं. ताट तसंच राहिलं.

सोमवारी सकाळीच हे साहेबांना सांगून आले. "म्हणजे खाण तुमच्या मनगटावरच निघाली," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. नोकरी राहिली, पण कच्चीच. खड्ड्यांचा खर्च नामंजूर झाला, तो पगारातून कापायचं ठरलं. दर पहिल्या तारखेला हे घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे; पगाराबरोबर काढून टाकल्याचं पत्र तर नाही ना, हीच धास्ती.

दीड वर्षाने एका पहिल्या तारखेला यांनी पूर्ण पगार माझ्या हातावर ठेवला. सगळे पैसे फिटले होते.