भामाच्या हाताखाली कुणी रडत नाही

"नाय गो कोमल, मी हात नाय लावाची. पनवेलला ने, हाडाचा फोटो काढ."

"भामामावशे, माझा पाय तूच बसवलास ना? आता माझे पोरीच्या टायमाला फोटो?"

"तवा मना अक्कल नव्हती."

ओट्यावर कोमलची अंकिता सुजलेला घोटा धरून हुंदके देत होती. भामानं सुका जवळा निवडायचं सूप बाजूला सरकवलं, पण पोरीला शिवली नाही.

कामोठ्याच्या जुन्या गावात चाळीस वर्षं भामा लोकांचे पाय चोळत आली. तिची परीक्षा एकच. अंगठ्यानं घोटा दाबायचा. पोर किंचाळलं तर हाड गेलं, दवाखान्यात धाडायचं. नाहीतर मुरगळलाय, कोमट तेल नि एरंडाचं पान. वर चार बायांत बढाई, "माझे हाताखाली पोर रडत नाय."

गेल्या साली तिची नात मिताली, बारा वर्षांची, कबड्डीत पडली. घोटा वांग्यासारखा सुजला. भामानं दाबला, पोरीनं हूं की चूं केलं नाही. मग तीन दिवस तो ओढला, चोळला. महिन्यानं मिताली चालायला लागली. पुढं चपलेची बाहेरचीच कड झिजू लागली.

तेव्हा तिला पनवेलला नेलं. डॉक्टरांनी हाडाचा फोटो दाखवला. वाढत्या पोरांच्या हाडाच्या टोकाला एक कोवळी पट्टी असते, हाड तिथून वाढतं. मोठ्या माणसाची शीर लचकते, तिथं पोरांची ही पट्टीच तुटते. मितालीची तुटली होती. आतल्या अंगाची वाढ थांबली, बाहेरची चालूच. म्हणून पाय आत वळत चाललेला. ऑपरेशननं बराच सरळ होईल म्हणाले. कबड्डीचं मितालीनं विचारलं, तेव्हा ते कागद चाळत राहिले.

येताना रिक्षात भामा म्हणाली, "दुखत होता तर बोललीस का नाय?"

"सगल्या बाया बघत होत्या, आजी. तू बोलतेस ना, तुझे हाताखाली कोन रडत नाय."

तेव्हापासून भामानं कुणाच्या पायाला हात लावलेला नाही.

"गप गो, किती रडशील," कोमल अंकिताला दटावत होती.

"रडू दे तिला," भामा म्हणाली. "डॉक्टर दाबील तवापन रडू दे. आन पाय हाय तसा उशीवर ठेव, ओढू नको."

कोमल नि अंकिताला घेऊन रिक्षा गेली. मागच्या दारानं मिताली पाण्याची कळशी घेऊन आली. तिचं एक पाऊल जड पडत होतं, एक हलकं. भामानं मान वर केली नाही. सूप पुढ्यात ओढलं आणि जवळ्यातला कचरा वेचायला बसली. दुपारच्या आत बाजार गाठायचा होता.